कोल्ड ब्लूइंगनंतर पिस्तुलावर गंज आणि डाग पुन्हा पुन्हा येतात: कारण कसे शोधायचे

पिस्तुलाची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) किंवा रिव्हॉल्व्हरची नळी घासून स्वच्छ केली, कोल्ड ब्लूचे (पोलादाला न तापवता काळसर रंग देणारे) द्रावण लावले, रंग छान निळसर काळा उतरला. दोन-चार दिवसांनी पांढऱ्या फडक्याने पुसावे, तर फडक्यावर तपकिरी भुकटी. पुन्हा घासले, पुन्हा द्रावण लावले, पुन्हा तेच. काहींकडे गंज येत नाही, पण एखादा पट्टा रंगच धरत नाही. तेवढा भाग राखाडी राहतो किंवा त्यावर तांबूस झाक येते.

अशा वेळी बहुतेक जण द्रावण बदलतात. दुसऱ्या कंपनीची बाटली येते, काही दिवस बरे वाटते आणि डाग त्याच जागी परत येतो. दोष सहसा बाटलीत नसतोच. रंग लावण्याआधी धातूवर काय शिल्लक होते आणि लावल्यानंतर काय शिल्लक राहिले, यावर सगळे ठरते. डाग नेमका कुठे आला आणि किती वेळाने आला, या दोन गोष्टी नीट पाहिल्या तर कारण जवळजवळ नेहमीच सापडते.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, चेंबर (काडतूस बसते ती नळीची मागची पोकळी) उघडून डोळ्यांनी पाहा, बोट घालून खात्री करा आणि काडतुसे कामाच्या खोलीत ठेवूच नका. दुसरे म्हणजे, अनुक्रमांक आणि कारखान्याचे शिक्के यांच्या जवळपासही पॉलिश पेपर नेऊ नका. अनुक्रमांक पुसट होणे बहुतेक ठिकाणी गंभीर गुन्हा ठरतो आणि 'घासताना गेला' हे कारण कोणी ऐकून घेत नाही. शस्त्र वडिलोपार्जित किंवा जुने दुर्मीळ असेल तर हा सगळा उद्योग करूच नका. मूळ फिनिश कितीही झिजलेले असले तरी संग्राहकाच्या लेखी त्याला जी किंमत असते, ती नव्या चकाकीला कधीच येत नाही.

कोल्ड ब्लू म्हणजे नेमके काय

कारखान्यातले गरम ब्लूइंग आणि घरचे कोल्ड ब्लूइंग दिसायला सारखे असले तरी दोन्हींत रासायनिक साम्य फारसे नाही. गरम पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंश सेल्सियस तापलेल्या द्रावणात भाग बुडवतात. तिथे पोलादाच्या स्वतःच्या पृष्ठभागाचे मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. ही पद्धत घरी करू नये. उकळत्या कॉस्टिकमध्ये पाण्याचा थेंब पडला तरी ते अंगावर उसळते, आणि अॅल्युमिनियमचा भाग चुकून त्यात गेला तर तो विरघळतो व हायड्रोजन वायू सुटतो.

बहुतेक कोल्ड ब्लूमध्ये सेलेनियमचे आम्ल, तांब्याचे क्षार आणि जोडीला दुसरे एखादे आम्ल असते. पोलादाशी गाठ पडताच तांबे आणि सेलेनियम यांचा अगदी पातळ काळा थर धातूवर बसतो. हा थर धातूचा भाग बनत नाही, वर चिकटतो. त्यामुळे तो धातूच्या स्वच्छतेवर पूर्णपणे अवलंबून असतो, आणि गंजापासून त्याचे संरक्षण मुळातच तुटपुंजे असते. खरे संरक्षण त्यावरचे तेल किंवा मेण करते. हे लक्षात ठेवले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. सेलेनियमचे क्षार विषारी असतात. नायट्राइलचे हातमोजे, उघड्या खिडक्या आणि स्वयंपाकाच्या भांड्यांपासून लांबची जागा, यात तडजोड नको.

डाग कुठे आहे ते आधी पाहा

डाग जर स्क्रूच्या, पिनच्या किंवा ग्रिपच्या (मुठीच्या) कडेला, साइट (नेम धरायची खूण) जिथे खाचेत बसते तिथे, किंवा नळी आणि फ्रेमच्या (शस्त्राच्या मुख्य सांगाड्याच्या) सांध्यावर असेल, तर सांध्यात दडलेले तेल बाहेर झिरपते आहे. तुम्ही पृष्ठभाग कितीही पुसा, भाग थोडा कोमट झाला की पिनच्या भोकातून तेलाचा धागा वर येतो. त्या तेलावर द्रावण बसत नाही आणि तिथे रंगाला कडा पडते. सांध्यावर असाच डाग काही दिवसांनी आणि तपकिरी आला, तर आत तेल नसून धुतल्यानंतरचे आम्ल किंवा पाणी अडकलेले असते. वेळेवरून कारण ओळखायचे ते असे: रंग लावतानाच दिसतो तो तेलाचा दोष, नंतर उगवतो तो आम्लाचा किंवा क्षाराचा.

बोटाच्या आकाराचे डाग वेगळे सांगायला नकोत. घामात मीठ असते. काहींच्या हाताचा घाम इतका खारा असतो की उघड्या पोलादावर काही तासांत ठसा उमटतो. तेल काढून झाल्यावर भागाला उघड्या हाताने एकदाही स्पर्श करायचा नाही.

विखुरलेले ठिपके, तेही दर वेळी त्याच जागी, याचा अर्थ जुना गंज खड्ड्यांमध्ये जिवंत आहे. त्याच्याकडे पुढे सविस्तर येतो, कारण सगळ्यांत जास्त माणसे इथेच हरतात.

सगळ्या पृष्ठभागावर एकसारखी तपकिरी धूळ आली तर आम्ल नीट निष्प्रभ केलेले नाही, किंवा तेल लावायला उशीर झाला. आणि डाग फक्त एका बाजूला, म्हणजे शस्त्र ज्या कुशीवर ठेवले होते त्या बाजूला असेल, तर दोष ठेवण्याच्या जागेत शोधा.

तेल काढणे: नव्वद टक्के काम इथेच आहे

शस्त्र सगळे खोला, निदान तुमच्या शस्त्राच्या पुस्तिकेत दिले आहे तिथपर्यंत. ग्रिप काढा, साइट सुरक्षितपणे निघत असेल तर काढा. पॉलिमर फ्रेम, प्लास्टिकच्या ग्रिप आणि रंगवलेल्या साइट यांना अॅसिटोन लागू देऊ नका, ते खराब होऊ शकतात. निव्वळ पोलादी भाग आधी गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने, नायलॉनच्या ब्रशने धुवा. पितळी ब्रश वापरू नका. पितळेचे कण पोलादावर घासले जातात आणि नेमके तिथे द्रावण लाल झाक सोडते.

साबणानंतर अॅसिटोन. इथे एक साधी गोष्ट बहुतेकांकडून सुटते. एकच फडके पुन्हा पुन्हा फिरवले की तेल निघत नाही, नुसते पसरते. दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्या, आणि पांढऱ्या फडक्यावर काहीच उमटत नाही तोवर थांबू नका. लहान भाग अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवता येतात, मात्र झाकणाच्या डब्यात आणि विस्तव, हीटर, ठिणगी यांच्यापासून दूर.

मग कसोटी. भागावर डिस्टिल्ड वॉटर ओता. धातू खरोखर स्वच्छ असेल तर पाणी सलग पातळ पडद्यासारखे पसरते. कुठेही थेंब गोळा होऊन पाणी मागे सरकले तर तिथे तेल आहे, पुन्हा अॅसिटोन. ही कसोटी फुकट आहे, तिला अर्धा मिनिट लागतो आणि ती सहसा खोटे बोलत नाही. सगळ्या सूचनांपैकी एकच पाळायची असेल तर ही पाळा.

तेल येते कुठून, तेही पाहू. बाजारात मिळणाऱ्या स्टील वूलला (पोलादी तारांच्या बारीक कापसाला) गंजू नये म्हणून तेल लावलेले असते. ०००० नंबरचे स्टील वूल वापरण्याआधी अॅसिटोनमध्ये धुऊन वाळवा. बफिंगच्या (चमक आणण्याच्या) वड्यांमध्ये मेण आणि चरबी असते, ती धातूच्या बारीक ओरखड्यांत ठासून बसते. लाकडासाठीच्या काही पॉलिश पेपरवर ते भरून येऊ नयेत म्हणून साबणासारखा स्टिअरेटचा थर दिलेला असतो, तोही धातूवर उतरतो. म्हणून काळा वॉटर पेपर, पाण्यासोबत. सिलिकॉन असलेले स्प्रे तर या कामाच्या आसपासही नकोत. सिलिकॉनचा थर अॅसिटोनलाही सहजासहजी दाद देत नाही.

स्वच्छ झालेला भाग हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात बुडवून हाताला सोसेल इतका कोमट करा आणि लगेच द्रावण लावा. कोमट धातूवर रंग जास्त एकसारखा बसतो. थोडेसे द्रावण घेऊन लांब, सलग फटकाऱ्यांनी लावा. डबके साचू दिले तर तांबे जास्त बसते आणि लालसर डाग पडतो. तसा पडलाच तर धुतलेल्या स्टील वूलने हलके घासून पुढचा थर द्या. एका जाड थरापेक्षा तीन-चार पातळ थर नेहमी चांगले, मध्ये धुणे आणि हलके घासणे.

आम्ल मागे राहिले तर

कोल्ड ब्लूनंतर येणाऱ्या गंजाचे हे सगळ्यांत मोठे कारण. द्रावणातले आम्ल काम संपले म्हणून थांबत नाही. नुसते पाण्याने पुसले तर ओरखड्यांत, अक्षरांच्या खाचांत आणि पिनच्या भोकांत ते राहते व हवेतल्या ओलाव्याबरोबर पोलाद खात बसते. भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भाग काही मिनिटे बुडवा, पुन्हा धुवा आणि शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा द्या. नळाच्या पाण्यातले क्लोराइड आपणच पुन्हा धातूवर सोडू नये एवढ्यासाठी.

त्यानंतर वेळ दवडू नका. कोमट हवेने सुकवा आणि धातू गरम आहे तोवरच पाणी हुसकावणारे तेल सढळ हाताने लावा. नुसता हात फिरवून पुसून टाकायचे नाही. भाग तेलात न्हाऊन रात्रभर पडू द्या. दुसऱ्या दिवशी पुसा आणि ताजे तेल लावा. पहिले आठ दिवस रोज एकदा पांढऱ्या फडक्याने पाहत जा. तपकिरी काही निघाले तर धीर सोडू नका: ०००० स्टील वूलवर तेल घेऊन अगदी हलक्या हाताने फिरवा, पुन्हा सोड्याच्या पाण्याने धुवा, पुन्हा तेल. बहुतेक वेळा एवढ्याने थांबते, रंग नव्याने द्यावा लागत नाही.

रंग लावण्याआधी जुना थर काढायला व्हिनेगर किंवा फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक वापरले असेल तर तिथेही हाच हिशेब. फॉस्फोरिक आम्ल तर धातूवर लोहफॉस्फेटचा राखाडी थर ठेवून जाते. तो ४०० नंबरच्या पेपरने घासून काढल्याशिवाय वर ब्लू धरणार नाही. स्प्रिंग, फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी पिन) असे कडक आणि ताणाखाली काम करणारे भाग आम्लात कधीच घालू नका. आम्लातून सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. भाग वरून चकचकीत दिसतो आणि नंतर अचानक तुटतो.

खड्ड्यांतला जिवंत गंज

त्याच त्या ठिपक्यांवर गंज परत येत असेल तर भिंगातून पाहा. तिथे लहान खड्डा दिसेल आणि तळाशी काळपट किंवा नारिंगी काहीतरी. वरून घासले की खड्ड्याची तोंडे चमकतात, तळ तसाच राहतो. तळाशी क्लोराइडचे क्षार असतात. ते हवेतले पाणी ओढून घेतात आणि गंज आतून चालू राहतो. वरून कितीही थर दिले तरी ओल्या भिंतीवर रंग मारण्यासारखेच ते.

यावरचा उपाय मला सगळ्या पद्धतींमध्ये सर्वांत समाधानकारक वाटतो, कारण त्यात धातू जवळजवळ झिजत नाही. पूर्ण तेल काढलेला भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये वीस-तीस मिनिटे उकळा. भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नाही. उकळत्या पाण्यात तांबडा गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो आणि क्षार पाण्यात उतरतात. मग मऊ, तेल काढलेल्या बारीक तारेच्या ब्रशने वरची काळी काजळी झाडून टाका, नवे पाणी घ्या आणि पुन्हा उकळा. नारिंगी दिसणे बंद होईपर्यंत हे करत राहा. खड्डे जात नाहीत, पण ते काळे आणि शांत होतात.

खड्डे पूर्ण घालवायचेच असतील तर आजूबाजूचा सगळा धातू खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. कडा, अक्षरे आणि मापे या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. मी खोल खड्डे तसेच ठेवण्याच्या बाजूचा आहे. चेंबरच्या आत, नळीच्या तोंडाशी किंवा ब्रीचच्या (नळीच्या मागच्या बाजूच्या) तोंडावर खड्डे असतील तर तो फिनिशचा प्रश्नच नाही. शस्त्र वापरायचे थांबवा आणि जाणत्या शस्त्रकारागिराला दाखवा.

घासण्यातून येणारे दोष

रंग नीट बसला तरी शस्त्र बेढब दिसते, याचे मूळ बहुधा मोटारीवर फिरणाऱ्या मऊ बफमध्ये असते. मऊ चाक कडा गोल करते, स्क्रूच्या भोकांभोवती वाटी पाडते आणि अक्षरे एका बाजूला ओढते. सपाट बाजू हातानेच घासायच्या: पेपर सपाट पट्टीवर किंवा जुन्या कानसीवर गुंडाळायचा, गोल भागासाठी लाकडी दांडी. २२०, ३२०, ४००, मग हवे तर ६०० (आकडा मोठा तितका पेपर बारीक). प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे उरलेत का ते लगेच कळते. एक नंबर गाळला तर तेव्हा दिसत नाही, पण रंग दिल्यावर तो ओरखडा चांदीच्या रेषेसारखा वर येतो. घासणे नेहमी ओले. जुन्या शस्त्रावर गोळ्यांचे शिसे आणि प्रायमरचे (काडतूस पेटवणाऱ्या मसाल्याचे) अवशेष असतात, ती धूळ नाकात जाऊ नये.

आरशासारखे चमकवून वर कोल्ड ब्लू दिले तर तो नीट धरत नाही. ४०० ते ६०० वर थांबलेला पृष्ठभाग रंगाला पकड देतो. आणि काही जागा सजावटीसाठी कधीच घासू नका: हॅमर (घोडा) आणि सिअरच्या (चाप ओढेपर्यंत घोडा अडवणाऱ्या भागाच्या) ज्या खाचा एकमेकींना धरून ठेवतात त्या, स्लाइडचे रूळ, चेंबर, नळीचे टोक. तिथे केसभर धातू गेला तर चाप न ओढता शस्त्र सुटू शकते, किंवा नेम बिघडतो.

धातूच वेगळा असेल तर

चुंबक लावून पाहा. फ्रेमला चुंबक चिकटत नसेल तर ती अॅल्युमिनियमची असू शकते किंवा एखाद्या प्रकारच्या स्टेनलेसची; साधे कोल्ड ब्लू दोन्हींवर धरत नाही. काही स्टेनलेसला चुंबक चिकटतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका. पृष्ठभाग कडक केलेले भाग ठिपकेदार रंग घेतात. निकेलचा मुलामा असेल तर त्यावर ब्लू लावून उपयोग नाही, आणि मुलामा फुटला असेल तर घरी घासल्याने तो अधिक सोलतो.

ठेवण्याची जागा

चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्महिने ठेवलेले शस्त्र हमखास गंजते. कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार चामड्यात राहतात आणि ते ओल धरते. फोम लावलेल्या पेटीचेही तेच. नेण्यापुरती पेटी ठीक, मुक्कामाला नाही. कुलूपबंद कपाटात सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा लहानसा मीटर ठेवा, आकडा ५० टक्क्यांच्या खाली राहू द्या. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. तेल हळूहळू ओघळून उतरते, म्हणून बरेच दिवस हात न लागणाऱ्या शस्त्राला तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात जास्त टिकतो.

एवढे करूनही रंग टिकत नसेल तर

मग कोल्ड ब्लूची मर्यादा आली असे समजा आणि स्लो रस्ट ब्लूइंगकडे वळा. त्यात भागावर गंज आणणारे द्रावण लावून तो दमट पेटीत काही तास ठेवतात, मुद्दाम तांबडा गंज चढवतात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळून त्याचा काळा ऑक्साइड करतात आणि काजळी झाडतात. हे पाच-सहा वेळा, रंग आणखी गडद होणे थांबेपर्यंत. नळीची आतली बाजू आणि चेंबर आधी वॉर्निशने झाकून दोन्ही तोंडांना लाकडी बुचे मारायची. आत तेल भरू नका, ते उकळत्या पाण्यावर तरंगते आणि भाग वर काढताना सगळीकडे लागते. वेळ भरपूर लागतो, पण हा थर पोलादाच्याच ऑक्साइडचा असतो आणि कोल्ड ब्लूपेक्षा कितीतरी पटींनी टिकतो. तापमान उकळत्या पाण्याच्या वर जात नसल्याने मऊ डाखाने जोडलेल्या साइटही सुटत नाहीत.

एक गोष्ट मात्र दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. स्लाइडच्या पुढच्या कडा आणि नळीचे टोक वापराने पांढरे पडतात, कारण होल्स्टर रोज तिथेच घासतो. तिथे तपकिरी काही नसेल आणि फडके स्वच्छ निघत असेल, तर ती झीज आहे, गंज नाही. त्यावर तेलाचा हात पुरेसा आहे.